बोटीवर दिलेली शाबासकी

परवा तुम्ही दोघांनी मिळून फोन केलात आणि येत्या सुट्टीत सगळ्यांनी पुन्हा क्रूझला जायचं ठरतंय असं सांगितलंत. माझंही तिकीट काढायला निघाला होतात. मी गुडघ्यांचं कारण पुढे केलं. गुडघे दुखतात हे खरं, पण बोटीवर लिफ्ट असते हे मला चांगलं माहीत आहे. मग धाकट्याने मागून विचारलं, "आजी, तिथे काम करणाऱ्यांना टिप किती द्यायची असते? आई-बाबांचं ह्यावरून दर वेळी वाजतं." मी घाईघाईने तुमच्याकडच्या थंडीची चौकशी केली आणि फोन ठेवला.

नंतर माझं मलाच बरं वाटलं नाही. मागच्या क्रूझला तुम्हीही होतात. पण मोठी तेव्हा जेमतेम दुसरीत आणि धाकटा अजून कडेवर बसणारा. तुम्हाला आठवतं ते आइस्क्रीमचं मशीन आणि पलंगावर ठेवलेला टॉवेलचा हत्ती. तो हत्ती करणारा मुलगा आठवत नाही. म्हणून हे लिहायला बसले. तुम्हाला मराठी बोललेलं कळतं पण वाचता येत नाही, तेव्हा तुमचा बाबा हे वाचून दाखवेल. त्याने मधलं काही गाळू नये. जिथे तो स्वतः येतो तेही गाळू नये.

आधी तुमच्या आजोबांविषयी थोडं सांगायला हवं, कारण तुम्ही त्यांना फक्त बागेतल्या बाकावर बसलेले पाहिलंत. ते केंद्र सरकारच्या ऑडिटमध्ये होते. दुसऱ्यांच्या खर्चात चुका शोधणं हे त्यांचं काम, आणि ते त्यांनी जीव लावून केलं. आम्ही दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. दिवाळी जवळ आली की ठेकेदारांची माणसं काजू-बदामाचे डबे घेऊन जिना चढायची. ते डबे दारातूनच परत करणं हे माझं काम. तुमचा बाबा तेव्हा लहान होता. एकदा एका डब्यावर रंगीत कागदाचा मोर होता, तो परत गेला म्हणून बाबा दिवसभर जेवला नव्हता. आजोबा त्याला म्हणाले, "चहापाणी म्हणून जे सुरू होतं ना बाळा, ते चहापाण्यावर थांबत नाही."

जसं घ्यायचं नाही, तसं द्यायचंही नाही. पोस्टमन दिवाळीला आला की आजोबा त्याला आत बोलावत, खुर्चीवर बसवत, आणि मी चिवडा, चकली, करंजीचं ताट त्याच्या पुढ्यात ठेवी. तो बिचारा संकोचाने खाई. पैसे मात्र नाहीत. "पैसे हातावर टेकवले की समोरचा लहान होतो," असं ते म्हणत. मग त्याचं कौतुक कसं करायचं? त्यावरही त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. त्या पोस्टमनविषयी त्यांनी एकदा मोठ्या पोस्टात जाऊन पोस्टमास्तरांना तोंडावर सांगितलं होतं की तुमचा हा माणूस रत्न आहे. सरकारी नोकरीत माणसाला दुसरं काय हवं असतं? वरिष्ठांच्या कानावर चांगला शब्द गेला की भरून पावतं. ते स्वतः त्याच एका गोष्टीवर जगले होते. आणि खरं सांगायचं तर मलाही हे सगळं फार शोभून दिसणारं वाटे. मैत्रिणींना मी ते मोठ्या तोऱ्यात सांगत असे.

मग दिवस पालटले. तुमचा बाबा गुडगावच्या एका परदेशी कंपनीत लागला, त्याने तिथे उंच इमारतीत फ्लॅट घेतला आणि निवृत्तीनंतर आम्ही त्याच्याकडे राहायला गेलो. खिडकीतून एका बाजूला काचेची ऑफिसं दिसत आणि दुसऱ्या बाजूला अजून मोहरीची शेतं. तिथली रीतच वेगळी. गाडी लावणाऱ्याला, पिझ्झा आणणाऱ्याला, केस कापणाऱ्याला, सगळ्यांना वर काहीतरी द्यायचं. तुमचा बाबा बोलता बोलता नोट सरकवायचा, नमस्कार करावा तितक्या सहज. आजोबा मान फिरवत. "ह्याला मी हे शिकवलं नव्हतं," असं ते मला म्हणत. मी म्हणे, "अहो, जग बदललंय." पण मनातून मी त्यांच्याच बाजूची होते.

अशात त्याला कंपनीकडून मोठा बोनस मिळाला आणि त्याने आम्हा सगळ्यांना सिंगापूरहून निघणाऱ्या बोटीवर न्यायचं ठरवलं. आम्हा म्हाताऱ्यांची केबिन वेगळी, तुमची समोर.

मला छापलेलं सगळं वाचायची सवय. केबिनमध्ये एक पुस्तिका होती, ती मी पहिल्याच संध्याकाळी वाचून काढली. त्यात टिपेवर पूर्ण एक पान होतं. केबिन साफ करणाऱ्याला किती, वाढणाऱ्याला किती, आणि शेवटच्या संध्याकाळी ते पाकिटात घालून त्याच्या हाती द्यायचं. पाकिटंसुद्धा बोटीचीच, ड्रॉवरमध्ये ठेवलेली. मी ते पान आजोबांना वाचून दाखवलं.

"म्हणजे लाच देण्याची छापील नियमावली," ते म्हणाले. "पाकिटासकट!"

मी हसले. ते हसणं मला आज आठवतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाथरूममधून ओरडून आजोबांना म्हणत होते, "अहो, इथे बादलीच नाही हो! आणि तो मग पण नाही. ह्या लोकांनी आंघोळ करायची तरी कशी?" दार उघडं होतं हे मला माहीत नव्हतं. बाहेरून कुणीतरी खळखळून हसलं.

"काकू, बादली मिळून जाईल. मग पण मिळेल. बिल्कुल टेन्शन नका घेऊ."

दारात पांढऱ्या कोटातला एक तरणा मुलगा, हातात चादरींचा ढीग. आमची केबिन त्याच्याकडे होती. आजोबा उठून बसले. "अरे, तू मराठी?"

"मराठी म्हणजे काय काका, आमचं गाव साताऱ्याकडे. पण वाढलो दिल्ली कँटमध्ये. बाबा फौजेत होते ना. आता मुनिरकाला राहतात."

"मुनिरका! अरे, आम्ही आर. के. पुरमला होतो. रस्ता ओलांडला की तुमचं मुनिरका."

"अच्छा! मग तर शेजारीच झालो यार," तो म्हणाला आणि जीभ चावली. "सॉरी काका. तोंडातून निघून गेलं."

आजोबा इतके खूश झाले की विचारू नका. तो हवालदाराचा मुलगा. त्याचे वडील त्याला लहानपणी दर संक्रांतीला पानिपतला काला अंबच्या युद्धस्मारकाला न्यायचे, आणि आम्हीही एकदा दिल्लीच्या मराठी मंडळींबरोबर तिथे गेलो होतो. तेवढ्यावरून तो आमच्या घरातलाच झाला. दुपारी खरंच एक लाल बादली आली. ती त्याने कुठून आणली कोण जाणे. आणि तुमच्यासाठी टॉवेलचा हत्ती.

पुढे समुद्र खवळला. आजोबांना बोट लागली. पोटात काही ठरेना, बोटीवरचे ते चीजचे आणि मेयोनीजचे पदार्थ नुसते दिसले तरी त्यांना उमासे येत. डॉक्टरने गोळ्या दिल्या, पण उपाशीपोटी गोळ्यांनी काय होणार? ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. तो मुलगा केबिन आवरायला आला, त्यांच्याकडे बघितलं आणि मला हळूच म्हणाला, "काकू, वरणभात खातील का?"

"खातील रे, पण इथे कुठला वरणभात?"

तो तसाच बाहेर गेला. थोड्या वेळाने आला तेव्हा त्याच्या हातात घडी केलेल्या टॉवेलांची चळत होती. त्याने दार लावून घेतलं, टॉवेल बाजूला केले, आणि खालून झाकण घातलेलं एक भांडं निघालं. मऊ भात, त्यावर साधं वरण, वर लिंबाची फोड. खोलीभर हिंगाचा वास सुटला. आजोबांनी भिंतीकडचं तोंड फिरवलं.

ते टॉवेल मी पाहिले होते. कुणी भांडं टॉवेलांखाली का आणतं हे कळायला मला कुणी सांगायची गरज नव्हती. आजोबांनी मात्र फक्त भात पाहिला. दोन घास खाल्ल्यावर त्यांनी विचारलंच, "हे आपल्या तिकिटात धरलंय ना गं? नियमातलं आहे ना?"

"हो, हो. तुम्ही खा," मी म्हणाले.

खरं सांगितलं असतं तर त्यांनी भांडं बाजूला सारलं असतं, आणि मला त्यांच्या पोटात चार घास जायला हवे होते. पुढेही तो दोन्ही वेळा भात आणत राहिला. आजोबांना बरं वाटू लागलं, मग ते त्याच्याशी गप्पा मारू लागले. कामगारांचं स्वयंपाकघर खाली वेगळं असतं, तिथला आचारी रत्नागिरीचा आहे, त्याच्या हाताला चव आहे, हे त्याने त्यांना सांगितलं. टॉवेलांची गोष्ट सांगितली नाही. त्याला वाटलं असेल, काकूंनी सांगितलंच असेल.

शेवटच्या दिवशी दुपारी तुमची आई आमच्या केबिनमध्ये आली. तिची आणि माझी बोली हिंदीच, हे तुम्हाला माहीत आहे. हातात ती पाकिटं होती.

"मम्मीजी, ये आपके वाले लड़के का लिफ़ाफ़ा। पापाजी अपने हाथ से दे दें तो उसको अच्छा लगेगा।"

आजोबांनी पाकीट हातात घेतलं, उलटंसुलटं पाहिलं आणि परत केलं. "बेटा, जिसने मुझे बीमारी में खिलाया, उसको मैं पैसे दूँ? घर के लड़के को कोई पैसे देता है क्या?"

"पापाजी, उसका घर इसी से चलता है।"

तेवढ्यात तुमचा बाबा मागून आला. "बाबा, इथे पगार नावापुरता असतो. ह्या पाकिटांवरच सगळं. तुम्ही तुमची तत्त्वं गुडगावला ठेवून या ना एकदा."

"तत्त्वं सामान नसतात, घरी ठेवून यायला," आजोबा म्हणाले. "त्याच्यासाठी काय करायचं ते मी ठरवलंय. पाकिटापेक्षा मोठं."

"काय ठरवलंयत?"

"कळेल संध्याकाळी."

मलाही त्यांनी सांगितलं नाही. दुपारभर आरशासमोर काहीतरी पुटपुटत होते. संध्याकाळी त्यांनी बंद गळ्याचा कोट घातला, जो ते ऑफिसात मंत्री यायचे तेव्हा घालत. मला वाटलं, निरोपाचं जेवण आहे म्हणून.

त्या संध्याकाळी बोटीची रीत अशी, की काम करणारे सगळे मोठ्या जिन्यावर रांगा करून उभे राहतात, बँड वाजतो आणि प्रवासी टाळ्या वाजवतात. तुम्ही दोघं खुर्चीवर उभे राहून हात हलवत होतात. आपला केबिनवाला मुलगाही रांगेत होता. त्याने तुमच्याकडे बघून सोंड केल्यासारखा हात हलवला. टाळ्या थांबायच्या आत आजोबा उठले. जिन्याच्या पायथ्याशी एक उंच गोरी बाई उभी होती, केबिनवाल्या सगळ्यांची प्रमुख, छातीवर तिच्या हुद्द्याची पट्टी. आजोबा थेट तिच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि वळून त्यांनी रांगेकडे हात केला. "ये रे बाळ, इकडे ये. ये, ये."

तो खाली उतरला. हसत होता, पण गोंधळला होता.

मग आजोबा इंग्रजीत बोलले. किती सुंदर बोलले! भारत सरकारच्या लेखापरीक्षण विभागात आपली सगळी हयात गेली, असं त्यांनी आधी सांगितलं. इतक्या वर्षांत इतका कर्तव्यदक्ष तरुण क्वचितच पाहिला, म्हणाले. बाई मान डोलवत होती. मग ते म्हणाले, मी आजारी असताना ह्याने दोन्ही वेळा स्वतःच्या हातांनी मला भात आणि डाळ आणून दिली, तुमच्या कामगारांच्या स्वयंपाकघरातून.

बाईचं हसू तसंच राहिलं. फक्त तिने विचारलं, "कुठून म्हणालात, सर?"

"खालच्या, कामगारांच्या स्वयंपाकघरातून."

"आणि केबिनमध्ये?"

"अर्थात. मी उठूच शकत नव्हतो."

ती जितकं विचारी तितकं आजोबा खुलून नीट उत्तर देत. कुणी त्यांना नेमका प्रश्न विचारला की त्यांना नेहमीच आनंद व्हायचा. मी टेबलाटेबलांमधून वाट काढत पोचेपर्यंत सगळं सांगून झालं होतं. मी त्यांची बाही ओढली. ते मला म्हणाले, "थांब गं, महत्त्वाचं चाललंय." बाईने खिशातून छोटी वही काढली आणि त्या मुलाच्या छातीवरच्या पट्टीवरून त्याचं नाव लिहून घेतलं. आजोबांनी माझ्याकडे विजयाने पाहिलं. बघ, नाव लिहून घेतलं.

मी त्या मुलाकडे पाहिलं. तो समोर बघत होता, बोटीवर शिकवतात तसं हसत. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही. बँड पुन्हा सुरू झाला होता आणि लोक आजोबांसाठी टाळ्या वाजवत होते.

सकाळी आमचं सामान न्यायला दुसराच माणूस आला. तुमच्या आईने जेवणघरातल्या वाढप्याला गाठून चौकशी केली. खालचं अन्न वर नेणं म्हणजे तिथे फार मोठा गुन्हा. एकाला बाधलं तर अख्खी बोट आजारी पडते, बंदरात घेत नाहीत. आपल्या त्या केबिनवाल्या मुलाला तिथूनच घरी पाठवणार होते. पुन्हा त्याला कुणी बोटीवर घेईल की नाही हे वाढप्याला सांगता येईना.

विमानतळावर तुमचा बाबा आजोबांना म्हणाला, "झालं समाधान? पाकीट दिलं असतंत तर हात झडले असते का?" सगळ्यांसमोर म्हणाला. आजोबा माझ्याकडे वळले. मग त्यांनी मला एवढंच विचारलं, "ते नियमात नव्हतं?"

"नाही."

"तू हो म्हणाली होतीस."

"हो."

गुडगावला परत आल्यावर ते खाली बागेत जाईनासे झाले. जेवायला बोलावलं की येत, भात वाढला की पानात बघत राहत. खूप दिवसांनी एका रविवारी सकाळीच ते बाहेर पडायचे कपडे घालून माझ्यासमोर उभे राहिले. "चल. मुनिरकाला जाऊ. तो नसेल तर त्याचे वडील असतील. वडिलांसमोर हात जोडून सांगेन, चूक माझी आहे, तुमच्या मुलाची नाही."

मला ते योग्यच वाटलं. चुकलं की कबूल करावं, हेच आम्हाला येत होतं.

मुनिरकाच्या गल्लीत ऑटो आत जात नाही. वर विजेच्या तारांचं जाळं, खाली झेरॉक्सची दुकानं आणि भाड्याच्या खोल्यांतून राहणारी कॉलेजची मुलं. विचारत विचारत गेलो. फौजी हवालदार म्हटल्यावर एकाने बोट दाखवलं. अरुंद जिना चढून वर गेलो. दार त्यानेच उघडलं.

तो बनियनवर होता. आम्हाला बघून त्याचा चेहरा पांढरा पडला. आतून आवाज आला, "कोण हाय रं?"

"बोटीवरचे... बोटीवरचे काका-काकू आलेत, बाबा."

हवालदार पाठीचा ताठ, पांढऱ्या मिशांचा माणूस. निवृत्तीनंतर गुडगावच्या एका ऑफिसच्या फाटकावर सुपरवायझर होता. त्याने आजोबांना जवळजवळ सॅल्यूटच ठोकला. "या की साहेब, या. बसा वहिनी. अगं ए, साहेब आल्याती, चहा टाक." एकुलत्या एका खुर्चीवर त्याने आजोबांना बसवलं, मला पलंगावर. "पोरगं सुट्टीवर आलंय बघा. आता पुढल्या बोटीची ऑर्डर यायची वाट बघतोय."

त्या मुलाने माझ्याकडे पाहिलं. बोटीवर पाहिलं नव्हतं, ते आता पाहिलं. मान अगदी थोडी हलवली. नको.

आजोबांनीही ते पाहिलं. त्यांनी जोडायला उचललेले हात मांडीवर परत ठेवले.

"साहेब, तुमी आलात ते बरं झालं," हवालदार पुढे सरकून म्हणाला. "एक खरं खरं सांगा. ह्याची आई म्हणती, हा नोकरी घालवून आलाय, आपल्याला सांगत नाय. मी म्हटलं, फौजीचं पोरगं हाय. त्याला कुणी हाकलून दिलं तर मी ह्या गल्लीत तोंड कसं दाखवू? आता तुमी तर मोठं अधिकारी माणूस. तुमचा शब्द खोटा नसनार. कसं काम करतंय हे?"

चहा घेऊन आलेली बाई तिथेच थांबली. मुलगा दाराच्या चौकटीला धरून उभा होता.

आजोबांनी घसा साफ केला. "हवालदारसाहेब, दुसऱ्यांच्या कामात दोष काढणं हाच माझा आयुष्यभराचा धंदा. तुमच्या मुलाच्या कामात मला दोष सापडला नाही."

"ऐकलंस?" हवालदार बायकोला म्हणाला.

"त्याच्या वरिष्ठांशी मी स्वतः बोललो."

"मंग? काय म्हनले वरिष्ठ?"

मला वाटलं, आता आजोबा खरं काय ते सांगतात. त्यांना दुसरं काही येतच नव्हतं.

"त्यांनी... त्यांनी माझ्यासमोर त्याचं नाव लिहून घेतलं."

"नाव लिहून घेतलं!" हवालदाराने मांडीवर थाप मारली. "आता बोल! वरिष्ठांनी नाव लिहून घेतलंय, आन् तू म्हनती नोकरी घालवली!" बाईने पदराने डोळे पुसले आणि हसली.

त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. मी खाली जमिनीकडे बघत होते. इतकी खरी वाक्यं एकापुढे एक ठेवून इतकं खोटं रचता येतं, हे मी माझ्या नवऱ्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होते. आणि मला वाटत होतं, त्यांनी थांबू नये. आणखी दोन वाक्यं सांगावीत.

आम्ही निघालो तेव्हा त्या बाईने मला थांबवलं. "ताई, रिकाम्या ओटीनं कशा जाल?" तिने हळदकुंकू लावलं, पत्र्याच्या पेटीतून नवा कोरा ब्लाउजपीस काढला, नारळ आणि तांदूळ घालून माझी ओटी भरली. मी मुकाट्याने पदर पुढे केला. आम्ही मात्र तिच्या घरी एक बिस्किटाचा पुडासुद्धा नेला नव्हता. माफी मागायला जाताना काय न्यायचं असतं हे आम्हाला सुचलं नव्हतं.

मुलगा आम्हाला सोडायला रस्त्यापर्यंत आला. वाटेत मी म्हणाले, "दुसरीकडे काही मिळतंय का रे?" तो म्हणाला, "बघतोय काकू. मॉलमध्ये एक-दोन जागी बोललोय." त्याने ऑटो थांबवला. आजोबा आत बसले आणि लगेच पुन्हा उतरले. त्यांनी खिशातल्या पाकिटात होत्या तेवढ्या नोटा काढल्या. सवय नसल्यामुळे त्यांना त्या दडवून देता येईनात, घडीही घालता येईना. गल्लीच्या तोंडाशी सगळ्यांसमोर त्या तशाच पुढे धरल्या.

मला वाटलं, तो म्हणेल, "काका, हे काय? नको." मी त्या "नको"ची वाट पाहत होते. ते ऐकलं असतं तर आम्ही दोघंही थोडे सुटलो असतो.

त्याने नोटा घेतल्या. मोजल्या नाहीत, एका हाताने खिशात सरकवल्या, किंचित वाकला आणि बोटीवरचं ते हसू हसला.

"थँक यू, सर," म्हणाला. "हॅव अ नाइस डे, मॅडम."

आणि वळून गल्लीत गेला.

ऑटो निघाला. मांडीवरचा नारळ घरंगळू नये म्हणून मी दोन्ही हातांनी धरला होता. आजोबा रिकामं पाकीट हातात घेऊन बसले होते. गुडगावच्या रस्त्याला लागल्यावर त्यांनी इतक्या हळू आवाजात विचारलं, की मला वाकून ऐकावं लागलं.

"अगं, कमी तर नव्हते ना दिले?"

बोटीच्या पुस्तिकेतलं टिपेचं ते पान मला पाठ होतं, तरी मी म्हणाले, "मला काय माहीत?"